नवीन सुपरवायझरसाठी: तालीम, शाहू स्टेडियम आणि शूटिंग रेंजवरून माणसं सांभाळायला कसं शिकायचं

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत चांगल्या ऑपरेटरला एक दिवस सुपरवायझर करतात. पगारात थोडा फरक पडतो, आणि काल ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला त्या बारा-पंधरा जणांकडून आज काम करून घ्यायचं असतं. ते कसं करायचं हे मात्र कुणी शिकवत नाही. बँकेची शाखा, दूध संघ, शोरूम, दवाखान्याचं ऑफिस, सगळीकडे थोड्याफार फरकाने हीच गत.

कोल्हापुरात माणसं तयार करण्याचं काम रोज पहाटे उघड्यावर चाललेलं असतं. फी न भरता ते बघता येतं. बघायचं कसं, आणि बघितलेलं आपल्या खात्यात उतरवायचं कसं, याचा हा बारा आठवड्यांचा क्रम.

एक गोष्ट आधीच पक्की करा. खेळातून घ्यायची ती सरावाची पद्धत. विजयाच्या गोष्टी ऐकून अंगावर काटा येतो, पण सोमवारी शॉपवर (मशीनच्या खात्यात) त्यांचा काही उपयोग होत नाही. 'जिद्द सोडू नका' असा फलक लावल्याने रिजेक्शन (नापास होणारा माल) कमी होत नाही.

सुरू करण्याआधी काय जमवायचं

- खिशात मावेल अशी शंभर पानी वही
- मोबाईलमधलं स्टॉपवॉच
- खात्यात सगळ्यांना दिसेल असा एक पांढरा फळा
- मागच्या वर्षाच्या हजेरीचा महिनावार तक्ता
- मागच्या तीन महिन्यांची रिजेक्शनची किंवा ग्राहकांच्या तक्रारींची नोंद
- पाळी सुरू होताना दहा मिनिटं बैठक घ्यायला साहेबांची परवानगी

शेवटची गोष्ट तोंडी घेऊ नका, मेलवर घ्या. प्रॉडक्शन मागे पडलं की सगळ्यात आधी ती दहा मिनिटं कापली जातात.

1. एक जागा निवडा आणि चार वेळा तिथेच जा

तीन पर्याय आहेत. पहिला तालीम: गंगावेस, शाहूपुरी, मोतीबाग किंवा तुमच्या पेठेतली. पहाटेच्या मेहनतीला जायचं. आदल्या दिवशी वस्तादांना भेटून परवानगी घ्या, चप्पल बाहेर काढा, हौद्याच्या (कुस्तीच्या मातीच्या आखाड्याच्या) कडेला गप्प बसा. मातीत पाय ठेवायचा नाही, व्हिडिओ काढायचा नाही.

दुसरा शाहू स्टेडियम. फुटबॉलचा हंगाम हिवाळ्यात सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो. आपल्या तालमीच्या फुटबॉल संघाचा सामना असेल त्या दिवशी जाऊ नका. पाटाकडील तालमीच्या संघाचा कट्टर समर्थक पाटाकडीलचा सामना बघताना बाकी काहीच बघत नाही. दुसऱ्या दोन संघांचा सामना निवडा, आणि चेंडूऐवजी कर्णधार व बाकावरचा प्रशिक्षक यांच्यावर नजर ठेवा.

तिसरा शूटिंग रेंज. तिथे बघण्यासारखं काहीच नाही असं पहिल्या अर्ध्या तासात वाटतं. तरीही आकड्यांशी ज्यांचं काम आहे त्यांनी हाच पर्याय घ्यावा. कारण पाचव्या पायरीत आहे.

2. वहीत तीनच रकाने आखा

काय घडलं, शिकवणाऱ्याने काय केलं, पुढच्या दहा मिनिटांत काय बदललं. तिसरा रकाना रिकामा राहिला तर नोंद अपुरी समजा. 'वस्ताद कडक आहेत' ही नोंद नाही. 'पोरगं पट काढताना (समोरच्याचे पाय धरून पाडताना) मान खाली घालत होतं, वस्ताद म्हणाले "मान वर, मान वर", पुढच्या तीन पटांत दोनदा मान वर राहिली' ही नोंद झाली.

3. हौदा आधी उकरायचा

तालमीत सरावाआधी मातीचं काम असतं. तेल, हळद, लिंबू, ताक घालून कमावलेली लाल माती पायाखाली दबून घट्ट होते. ती फावड्याने उकरून, खडा दिसला तर वेचून, पुन्हा सपाट करायची. नाही केली तर पडणाऱ्याचा खांदा निखळतो. हे काम बघताना फावडं कुणाच्या हातात आहे ते बघा. चांगल्या तालमीत मोठा पैलवानही आपल्या पाळीला माती उकरतो.

खात्यात याचा अर्थ: पाळीची पहिली पंधरा मिनिटं. गेज (मापाची साधनं) जागेवर आहेत का, ड्रॉइंगची ताजी प्रत मशीनवर लागली आहे का, चिप्स (धातूचा कीस) साफ आहेत का, कच्चा माल दोन तासांचा तरी हाताशी आहे का. चार-पाच मुद्द्यांची यादी करा, फळ्यावर लावा, आणि आठवड्यातून एक दिवस ती तपासणी स्वतः झाडू हातात घेऊन करा. रोज करू नका, नाहीतर ते तुमचंच काम होऊन बसतं.

4. जोड लावायला शिका

कुस्ती मैदान भरवणाऱ्याचं अर्धं यश जोड लावण्यात असतं. वजन, वय, तयारी, आधी कुणाशी लढलाय, हे बघून जोडी ठरते. खासबाग मैदान शाहू महाराजांच्या काळात 1912 साली उभं राहिलं. तेव्हापासून तिथे बसणाऱ्या प्रेक्षकाला विजोड कुस्ती लगेच कळते. तालमीतल्या सरावात वस्ताद आणखी बारीक विचार करतात: नवख्याला त्याच्यापेक्षा थोडासाच जड गडी देतात. फार जड दिला तर पोरगं नुसतं पडायला शिकतं, हलका दिला तर काहीच शिकत नाही.

हे कामावर उतरवायला एक तक्ता पुरतो. आडव्या ओळीत कामं, उभ्या रकान्यात माणसं, आणि प्रत्येक चौकटीत 0 ते 3 आकडा:

- 0: येत नाही
- 1: कुणी शेजारी असेल तर जमतं
- 2: एकट्याने बिनचूक करतो
- 3: दुसऱ्याला शिकवू शकतो

तक्ता एकट्याने भरू नका. आधी माणसाला स्वतःचा आकडा सांगू द्या, मग काम करून दाखवायला सांगा. बरेच जण स्वतःला 2 देतात आणि सेटिंग बदलायची वेळ आली की शेजारच्याला हाक मारतात. तो 1 आहे, हे भांडण न करता तिथल्या तिथे दोघांनाही दिसतं.

तक्ता भरला की दोन गोष्टी बघा. ज्या कामाच्या ओळीत 2 किंवा 3 असलेला एकच माणूस आहे, ते काम धोक्यात आहे. त्याच्या घरी लग्न निघालं की लाइन बंद. आणि ज्या माणसाच्या रकान्यात वर्षभर एकही आकडा वाढला नाही, तो लवकरच दुसऱ्या वसाहतीत अर्ज करणार. दर महिन्याला प्रत्येकाला एकच नवं काम द्या, त्याच्या आजच्या पातळीपेक्षा एक पायरी वरचं, आणि शेजारी 3 वाला उभा करा.

सगळ्यात चांगल्या ऑपरेटरलाच सगळी अवघड कामं देत राहणं ही या पायरीवरची नेहमीची चूक. त्या महिन्याचे आकडे सुंदर दिसतात. बाकीचे मात्र बघे होतात, आणि तो एकटा दमून जातो.

5. ग्रुप बघा, एक गोळी बघू नका

इथे थोडं थांबून वाचा, कारण नवीन सुपरवायझरचा सगळ्यात जास्त वेळ ज्या चुकीत जातो ती इथे सुटते.

कोल्हापूरने तेजस्विनी सावंत दिली, 2010 साली म्युनिकमध्ये 50 मीटर प्रोन प्रकारात जगज्जेती झालेली. राही सरनोबत दिली, 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवणारी. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे 2024 साली पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेऊन आला.  

या मंडळींच्या सरावात नवशिक्याला सुरुवातीलाच जे सांगतात ते असं: एका गोळीवरून साइट (बंदुकीवरची नेम धरायची खूण) फिरवू नकोस. पाच गोळ्या मार, मग टार्गेट बघ. पाचही छिद्रं एका जागी गोळा झाली आहेत (हा ग्रुप) पण मधोमध नाहीत, तर हात चांगला आहे, साइट हलवायची. छिद्रं चहूकडे पसरली आहेत (हा पसारा), तर साइटला हात लावायचा नाही. श्वास, पकड, ट्रिगर, उभं राहणं यातलं काहीतरी दर वेळी बदलतंय, ते शोधायचं.

आता हेच सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर). बोअर (भोकाचा व्यास) 30 मिलिमीटर, टॉलरन्स (चालणारा फरक) अधिक-उणे 0.02. पाच जॉब (तयार झालेले नग) मोजले:

पहिला ऑपरेटर: 30.018, 30.020, 30.019, 30.021, 30.020. ग्रुप घट्ट आहे, जागा चुकली आहे. ऑफसेटमध्ये (टूलच्या जागेच्या सेटिंगमध्ये) 0.02 ची दुरुस्ती केली की काम झालं. याला रागावण्यासारखं काहीच नाही.

दुसरा ऑपरेटर: 29.985, 30.015, 30.002, 29.980, 30.018. पाचही जॉब पास आहेत, म्हणून याच्याकडे कुणी लक्ष देत नाही. खरी काळजी याचीच करायची. इथे ऑफसेट बदलून काही होणार नाही. इन्सर्ट (कापणारं पातं) झिजलाय का, जॉमध्ये (जॉब पकडणाऱ्या जबड्यात) चिप अडकते का, क्लॅम्पिंगचा दाब कमी-जास्त होतोय का, मोजणारा दर वेळी वेगळ्या जागी मोजतोय का, हे एकेक करून बघायचं.

आणि जो ऑपरेटर प्रत्येक जॉबनंतर ऑफसेट हलवतो, तो मेहनती दिसतो, पण पसारा वाढवत असतो. एका जॉबची आपसूक आलेली चूक तो पुढच्या जॉबवर ढकलतो. त्याला पाच जॉब मोजून मग ठरवायची सवय लावा.

माणसांच्या बाबतीतही हाच हिशोब. सुट्टीनंतरच्या दिवशी सगळेच दहा मिनिटं उशिरा येतात, तर तो ग्रुप आहे. गेटवरची रांग बघा, बसची वेळ बघा, सगळ्यांना झापून उपयोग नाही. एकच जण उशिरा येतोय आणि बाकी वेळेवर, तर त्याच्याशी एकट्याशी बोला. कुणी एक दिवस अर्धा तास, एक दिवस वेळेवर, एक दिवस गैरहजर असं करतोय, तर तो पसारा आहे. घरी काहीतरी चाललंय असं समजून आधी विचारा.

वहीत प्रत्येक तक्रारीसमोर 'ग्रुप' की 'पसारा' हा एक शब्द लिहायची सवय लावून घ्या.

6. तीस सेकंदांत एकच गोष्ट सांगा

मॅटवरच्या कुस्तीत तीन-तीन मिनिटांचे दोन डाव आणि मधे तीस सेकंदांची विश्रांती असते. त्या तीस सेकंदांत चांगला प्रशिक्षक काय करतो ते स्टॉपवॉच लावून बघा. घाम पुसतो, पाणी देतो, श्वास खाली येऊ देतो आणि शेवटी एक वाक्य बोलतो. 'उजव्या पायावर वजन टाकतोय, तोच धर.' आधीच्या तीन मिनिटांत काय काय चुकलं याची यादी तो वाचत नाही. दमलेल्या माणसाच्या डोक्यात एकापेक्षा जास्त सूचना राहत नाहीत.

पाळीच्या मधल्या चहाला हीच रीत ठेवा. एक माणूस, एक सूचना, हाताने करून दाखवता येईल अशी. 'लक्ष देऊन काम कर' ही सूचना नव्हे. 'क्लॅम्प करण्याआधी जॉ ब्रशने झाड' ही सूचना. मग दहा मिनिटांनी परत जाऊन बघायचं. सांगून परत न बघणं म्हणजे न सांगण्यासारखंच.

वस्तादांचा आवाज आणि शिव्या उचलू नका. पोरगं तालमीत राहतं, वस्ताद त्याच्या खुराकापासून तापापर्यंत सगळं बघतात, आणि त्या नात्याच्या जोरावर ते एखादी थोबाडीतही देतात. तुमचं नातं तीन महिन्यांचं आहे.

7. बाकावर कोण आहे, ते सामन्याआधी ठरवा

फुटबॉलच्या मोठ्या स्पर्धांत पाच बदली खेळाडू घेता येतात, पण खेळ चालू असताना त्यासाठी तीनच संधी मिळतात, शिवाय मध्यंतर. त्यामुळे कुणाला कधी काढायचं याचा विचार प्रशिक्षक सामन्याआधीच करून ठेवतो. आपल्याकडे गैरहजेरी दर वर्षी त्याच दिवसांत येते, तरी दर वर्षी धावपळ होते.

एक वार्षिक कॅलेंडर करा आणि त्यावर हे आधी टाका: चैत्र पौर्णिमेची जोतिबा यात्रा, तुमच्या लोकांच्या गावच्या म्हाई-यात्रा, गणपती, नवरात्र, दिवाळी, लग्नसराई. पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरीकडची माणसं असतील तर भाताची रोप लावण. ऊसतोडीला ज्यांच्या शेतात टोळी येणार, त्यांना तारीख ऐन वेळीच कळते, पण महिना आधी माहीत असतो.

पावसाळ्याची वेगळी तयारी लागते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. 2019 आणि 2021 च्या पुरात पुणे-बेंगळुरू महामार्गही शिरोलीजवळ बंद पडला होता. पाणी 39 फुटांकडे सरकायला लागलं की कुणाच्या गावाचा रस्ता आधी बंद होतो याची यादी काढा, आणि चौथ्या पायरीतला तक्ता घेऊन त्यांच्या जागी कोण उभं राहील ते लिहून ठेवा.

बदली माणसाला महिन्यातून निदान एक पूर्ण दिवस त्या मशीनवर काम द्या. वर्षभर बाकावर बसलेला ऐन वेळी मैदानात उतरला की पायात गोळे येतात.

8. आपल्या माणसाच्या कोपऱ्यात उभे राहा

खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, शिकायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. 1948 ला लंडनमध्ये पहिल्यांदाच मॅटवर खेळून सहावे आले. 1952 ला हेलसिंकीत बँटमवेटमध्ये कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तिथे एक दीर्घ कुस्ती संपताच त्यांना पुढच्या कुस्तीला बोलावलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये विश्रांती मिळायला हवी होती, पण त्यांच्या बाजूने ते मागायला भारतीय पथकातलं कुणी हजर नव्हतं, असं सांगितलं जातं. दमलेल्या अंगाने ते उतरले आणि ती कुस्ती हरले.

सुपरवायझरच्या कामाचा मोठा भाग हाच आहे, आणि तोच कुठल्या जॉब कार्डावर लिहिलेला नसतो. सलग दुसरी पाळी करायला कुणाला सांगितलं जातंय, सेफ्टी शूज दोन महिन्यांपासून आलेले नाहीत, बदललेल्या ड्रॉइंगची प्रत मिळालेली नसताना रिजेक्शन ऑपरेटरच्या नावावर पडतंय, अशा वेळी नियम माहीत असलेला माणूस तिथे उभा लागतो. कंपनीचे रजेचे, ओव्हरटाइमचे, सुरक्षेचे नियम एकदा बसून वाचा आणि त्यांची प्रत वहीत ठेवा.

पण प्रत्येक गोष्टीला वर जायचं नाही. मॅटवर कोपऱ्यातला प्रशिक्षक पंचांच्या निर्णयाला आव्हान देऊ शकतो. आव्हान फेटाळलं गेलं तर समोरच्याला एक गुण मिळतो आणि पुन्हा आव्हान देण्याचा हक्क जातो. म्हणून तो आधी स्वतःला विचारतो: मी हे नक्की बघितलंय का? साहेबांकडे जाण्याआधी तुम्हीही तीन गोष्टी हातात घ्या: तारीख-वेळ, आकडा किंवा फोटो, आणि काय व्हायला हवं याचं एक वाक्य. दोनदा ऐकीव माहितीवर गेलात की तिसऱ्यांदा खरी तक्रारही कुणी ऐकत नाही.

9. सामना संपल्यावर वीस मिनिटं

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, उभ्यानेच. चार प्रश्न: काय ठरलं होतं, काय झालं, का झालं, पुढच्या आठवड्यात एक गोष्ट काय बदलायची. उत्तर सगळ्यात नवीन माणसाकडून सुरू करा. तुम्ही आधी बोललात तर बाकीचे माना डोलावतात. 'का' विचारताना माणसाचं नाव घ्यायचं नाही, मशीनचं, वेळेचं, पद्धतीचं घ्यायचं. बदलायची गोष्ट फळ्यावर लिहा आणि पुढच्या बैठकीची सुरुवात तिच्यापासूनच करा.

खेळातलं हे कामावर आणू नका

खात्यातल्या दोन पाळ्यांमध्ये 'कोण जास्त जॉब काढतो' अशी स्पर्धा लावू नका. पाळी बदलताना एकमेकांना सांगायच्या गोष्टी लपवल्या जातात, टूल कपाटात बंद होतात. स्पर्धा लावायचीच तर खात्याच्या मागच्या महिन्याशी लावा.

वार्षिक क्रिकेट सामन्याला संघभावनेचा उपाय समजू नका. मजा येते, जरूर खेळा. पण सहा-सात जण खेळतात, बाकीचे टाळ्या वाजवतात, आणि दुसऱ्या दिवशी शॉपवर काही बदललेलं नसतं.

शेवटचा फरक मोठा आहे. ज्याला मेहनत नको तो तालीम सोडून जातो. खात्यातला माणूस पोटासाठी आलेला असतो आणि त्याला तुम्ही निवडलेलं नसतं. सगळ्यांनी पैलवानासारखं झपाटून काम करावं ही अपेक्षा धरू नका. वेळेवर, बिनचूक आणि सुरक्षित काम एवढं मागा, आणि ते मिळालं तर नावानिशी कौतुक करा.

10. बारा आठवड्यांची आखणी

आठवडा 1 ते 4: दर आठवड्याला एक फेरी मैदानावर किंवा तालमीत. खात्यात फक्त पाळीच्या सुरुवातीची तपासणी आणि दहा मिनिटांची बैठक. बाकी काही बदलायचं नाही.

आठवडा 5 आणि 6: कौशल्यांचा तक्ता. सगळ्यांचे आकडे काम बघून भरायला दोन आठवडे लागतातच.

आठवडा 7 ते 9: पाच-पाच जॉबची मोजणी, 'ग्रुप' आणि 'पसारा'. ऑफिसात काम करत असाल तर जॉबऐवजी पाच फाइल किंवा पाच बिलं घ्या आणि प्रत्येकीला लागलेला वेळ मोजा.

आठवडा 10 आणि 11: रजेचं कॅलेंडर, बदली माणसांचे सरावाचे दिवस, साप्ताहिक वीस मिनिटं.

आठवडा 12: सुरुवातीला जमवलेली हजेरी आणि रिजेक्शनची नोंद काढून आताच्या आकड्यांशेजारी ठेवा. हजेरीची तुलना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. जोतिबाच्या महिन्याची तुलना जूनशी केली तर फसाल. तक्त्यात किती चौकटी 1 वरून 2 वर गेल्या ते मोजा. एकही गेली नसेल तर चौथी पायरी पुन्हा करा, आणि या वेळी 3 वाल्या माणसाला शिकवण्यासाठी रोज अर्धा तास कामातून मोकळा करून द्या. बहुतेक ठिकाणी गाडी तिथेच अडलेली असते.